ठरल्या तिथीला बहिणीच्या गावी

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, गुळाची ढेप आणि चपलांचा जोड घेऊन परत जातो. शहराच्या पूर्वेला देवळापासून चार-पाच किलोमीटरवर एक टेकडी आहे, तिकडं मात्र फार थोडे पाहुणे वळतात. ही टेंबलाईची टेकडी. वर त्र्यंबोलीदेवीचं देऊळ आहे. कोल्हापूरची माणसं तिला लाडानं टेंबलाई म्हणतात.

ही देवी शहराकडं पाठ करून बसली आहे. त्यामागं एक कथा आहे, आणि ती आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असते. कोल्हासुराचा वध झाल्यावर त्याचा मुलगा कामाक्ष यानं योगदंडाच्या बळावर सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं युक्तीनं तो योगदंड मिळवला, कामाक्षाला मारलं आणि देवांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला. सगळ्यांना बोलावणं गेलं, पण जिच्यामुळं हा दिवस दिसला तिलाच बोलावायचं राहून गेलं. त्र्यंबोली रुसली आणि टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली.

चूक लक्षात आल्यावर अंबाबाई काय करते? ती निरोप धाडत नाही. सगळा लवाजमा घेऊन स्वतः टेकडी चढते आणि तिची समजूत काढते. ही समजूत एकदाच काढून प्रकरण मिटलेलं नाही. दरसाल नवरात्रात, आश्विन शुद्ध पंचमीला म्हणजे ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या भेटीला निघते. सोबत तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी असते. टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. कोल्हासुराच्या वधाची ती आठवण. कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून माणसांची झुंबड उडते. 2020 साली कोरोनामुळं गर्दीला बंदी होती, तरी मोजक्या माणसांत ही भेट झालीच.

कुणी या दोघींना सख्या म्हणतं, कुणी बहिणी. आम्हा शेतकरी माणसांना त्या बहिणीच वाटतात. कारण रुसलेली बहीण, विसरलेलं बोलावणं आणि मनधरणीला निघालेलं माहेर हे सगळं आपण घरोघर पाहिलेलं असतं.

या भेटीत मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, तिथी ठरलेली आहे. सवड मिळाली की जाऊ, असं तिथं नाही. दुसरी, जी मोठी आहे ती उठून जाते. मान मोठा म्हणून ती घरी बसत नाही. तिसरी, समोरचीनं पाठ फिरवलेली असली तरी जायचं थांबत नाही. दूरच्या गावी दिलेल्या लेकीबाळींशी नातं कसं टिकवायचं, याचा सगळा धडा या तीन गोष्टींत आहे.

दुसरंही एक उदाहरण याच देवळातलं. तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईला मानाचा शालू येतो. भृगुऋषींच्या प्रकरणावरून लक्ष्मी रागावून वैकुंठातून करवीरला आली, अशी कथा सांगतात. राग देवादिकांनाही सुटला नाही, पण दरसालचा शालूही चुकत नाही. कोल्हापूर ते तिरुपती जी रेल्वे धावते, तिचं नाव हरिप्रिया एक्सप्रेस आहे. हरिप्रिया म्हणजे लक्ष्मीच.

साहेब येण्याचा वार

मी शेतीखात्यातला माणूस. देवाच्या गोष्टीवरून नोकरीच्या गोष्टीवर आलो, तर वाचकांनी नवल मानू नये. ऐंशीच्या दशकात आपल्या राज्यात जागतिक बँकेच्या मदतीनं प्रशिक्षण व भेट योजना राबवली गेली. मी खात्यात आलो तेव्हा तिचे शेवटचे दिवस होते. त्या योजनेचा कणा एकच होता. शेतीचा कर्मचारी कोणत्या गावी, पंधरवड्यातल्या कोणत्या वारी जाणार, हे आधी ठरलेलं असे. पाऊस असो, ऊन असो, त्या वारी त्यानं त्या गावात दिसायचं.

योजनेत दोष होते, नाही असं नाही. पण ठरल्या वाराचा गुण मी डोळ्यांनी पाहिला. शेतकरी आदल्या रात्रीच किडकं पान उपटून ठेवायचा. बायका हंड्याखाली विस्तव करून चहाचं आधण ठेवायच्या. जो माणूस वर्षातून एकदा अचानक मोठ्या गाडीतून यायचा, त्याला कुणी खरी अडचण सांगत नसे. जो मंगळवारी सायकलवरून हमखास यायचा, त्याला सांगायचे. माणसाचा विश्वास त्याच्या हुशारीवर बसायच्या आधी त्याच्या येण्यावर बसतो.

नात्याचंही असंच आहे, हे मला माझ्या वडिलांनी न बोलता शिकवलं होतं.

चंदगडची गाडी

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. काळी, खोल जमीन, उसाचं रान. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, 1958 साली चंदगड तालुक्यात दिली. जिल्ह्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ती. चंदगड तालुका पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळं लग्नाच्या वेळी आमच्याकडच्या माणसांना चंदगड म्हणजे परमुलूखच वाटत होता. हे स्थळ कुणी सुचवलं, ते सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

पहिली काही वर्षं आजोबा मुराळी म्हणून जात. पुढं वडील जाऊ लागले. त्यांनी दिवस ठरवून टाकला होता. नृसिंहवाडीची दत्तजयंती झाली, की दुसऱ्या दिवशी चंदगड. मार्गशीर्षाची पौर्णिमा ही तिथी त्यांनी उगाच धरली नव्हती. तोवर आत्याकडचं भात झोडून घरात आलेलं असतं आणि तिला बोलायला सवड असते. आमच्याकडंही उसाला तोड आली नसेल, तर दोन दिवस निघतात. वाडीचा प्रसाद ताजा असतो. दोन्ही घरच्या शेतीचं वेळापत्रक बसवून काढलेली ती तिथी होती.

वडील गेले 2009 साली. तेव्हापासून मी जातो. वाटही वडिलांचीच ठेवली आहे. पहाटेच्या गाडीनं कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन आणि मग चंदगडची एस.टी. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे. ज्यानं तो पाहिला नसेल, त्यानं एकदा खिडकीशी बसून पाहावा.

कागल सोडलं की दूधगंगेचा पूल लागतो आणि पाट्यांवरची अक्षरं बदलतात. एकाच जिल्ह्याच्या दोन गावांमधला हा रस्ता मध्ये कर्नाटकातून जातो. निपाणीला तंबाखूचा वास नाकात भरतो. तवंदीचा घाट चढून गाडी संकेश्वरला येते. हा मुलूख मिरचीचा. तिथून उजवीकडं वळून गडहिंग्लजला आलं, की पुन्हा आपलं राज्य. हिरण्यकेशी नदी तुमच्यासोबतच असते, फक्त ती तुमच्या उलट दिशेनं वाहत असते.

गडहिंग्लज सोडून नेसरीच्या रस्त्याला लागलं, की माती हळूहळू तांबडी होत जाते. काळ्या रानात जन्म काढलेल्या माणसाला हा बदल लगेच कळतो. उसाचे सलग फड तुटतात, भाताच्या खाचरांच्या पायऱ्या दिसू लागतात, बांधावर काजू आणि फणस उभे राहतात. घरांची छपरं उतरती होतात, कारण इथं पाऊस आमच्या कितीतरी पट. बोलीतही कोकणी वळण येतं. ताम्रपर्णीचं पाणी दिसलं, की मी पिशवी सावरून बसतो.

पिशवीत ठरलेलाच वानवळा असतो : वाडीचे पेढे आणि कवठाची बर्फी, कृष्णाकाठची वांगी, नव्या हंगामाचा गूळ. येताना आत्या भरून देते : नाचणी, काजूगर, आमसुलं, आणि घरचा घनसाळ तांदूळ. आजऱ्याच्या घनसाळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी त्याचा वास त्याआधी कितीतरी वर्षं दरसाल डिसेंबरात दरवळत होता.

डिसेंबर 2022 मध्ये दत्तजयंतीच्याच सुमारास सीमेचा वाद पेटला. एस.टी.च्या गाड्या बंद झाल्या, कधी सुटतील याचा भरवसा नव्हता. मी गारगोटी-आजऱ्याच्या रस्त्यानं, कर्नाटकाची हद्द टाळून, फेरा घेऊन गेलो. पोचेपर्यंत दिवस मावळला. आत्या उंबऱ्यावर बसून होती. म्हणाली, "आलास व्हय रं? पोरं म्हणत हुती, गाड्या बंद हायत, कशाला वाट बघतीस. मी म्हटलं, पुनव झालीया, येतोय तो."

ती मला फोन करून विचारू शकत होती. तिनं विचारलं नाही. तिला तिथीच पुरेशी होती.

फोनवर जे दिसत नाही

आता कुणी म्हणेल, मोबाईलवर रोज तोंड दिसतंय, मग शंभर किलोमीटर कशाला हाडं खिळखिळी करायची? फोन चांगलाच आहे. मीही आठवड्याला आत्याला फोन करतो. पण उसाला हुमणी लागते तेव्हा वरून काय दिसतं? पानं थोडी पिवळी. माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं असेल. बुडखा उपटून पाहिला, तर मुळं खाऊन टाकलेली. हुमणी फोटोत येत नाही, त्यासाठी रानात जाऊन माती उकरावी लागते.

2016 साली मी गेलो तेव्हा आत्या फोनवर नेहमीप्रमाणं "बरं चाललंय" म्हणालेली होती. घरात पाहिलं, तर ती गोठ्याकडं जाताना भिंतीला हात लावून चालत होती. ताटातली चटणी कुठं वाढलीय, ते बोटानं चाचपत होती. घरच्यांच्या नजरेला हे रोजचं झालेलं होतं, आणि तिनं स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. पोराला खर्चात कशाला घाला, हा तिचा हिशोब. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी रजा वाढवली. तिला गडहिंग्लजला नेलं, तपासणी झाली, आणि महिन्याभराच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या मार्गशीर्षात तिनं मला लांबूनच ओळखलं आणि म्हणाली, "केस पिकलं की रं तुझं."

म्हातारं माणूस फोनवर खरं सांगत नाही. त्याला आपली काळजी वाटते म्हणून सांगत नाही. त्याचं खरं पाहायचं, तर एक रात्र त्याच्या घरी निजावं लागतं.

कागदाची भेट वेगळी, माणसाची वेगळी

गावोगाव हिंडताना एक गोष्ट मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. पंधरा-पंधरा वर्षं भाऊ बहिणीच्या दारी जात नाही. मग एक दिवस गाडी करून जातो, साडी नेतो, गोड बोलतो, आणि जेवण झाल्यावर पिशवीतून हक्कसोडाचा कागद काढतो. बहीण सहीही करते. पण पुढं भाऊबीजेला तिचं येणं थांबतं, आणि भाऊ म्हणतो, "बहिणीला जमिनीची हाव सुटली."

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आपल्या राज्यात हा बदल 1994 साली झाला, आणि 2005 सालच्या दुरुस्तीनं तो सगळ्या देशातल्या हिंदू कुटुंबांना लागू झाला. हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. बहिणीनं वाटा घ्यावा की सोडावा, हा तिचा प्रश्न. वकिलाला विचारून, समजून-उमजून तिनं ठरवावं. माझं म्हणणं एवढंच, की भेटीच्या पिशवीत हा कागद घालू नये. वडिलांचा नियम होता : "जमिनीचं बोलायचं असंल, तर एगळा दिवस काढून, चार माणसं बसवून बोलायचं. आक्काकडं जायाच्या दिवशी फकस्त आक्काकडं जायाचं." हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. म्हणून आमच्या येण्याला आत्याच्या घरी कुणी कधी भ्यालं नाही.

आणि येणं-जाणं ही एकाच बाजूची वाट राहत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्यात गेला. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आमचा ऊस पाण्याखाली कुजला. जनावरं वाचली, पण त्यांना घालायला काडी नव्हती. पाणी ओसरून रस्ता खुला झाल्यावर आमच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला. आत्याचा मुलगा होता. मागं भाताचं पिंजर गच्च भरलेलं. आम्ही काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "आईनं धाडलंय. म्हणाली, त्यांच्याकडची जनावरं उपाशी असतील."

आमची जनावरं किती, हे तिला ठाऊक होतं. कारण दरसाल मी गेलो, की ती एकेका म्हशीचं नाव घेऊन विचारते.

तुमच्या घरचं काय?

प्रत्येक घरात अशी एक आक्का असते. कुणाची आत्या कोकणात दिलेली असते, कुणाची मावशी विजापूरकडं. कुणाचा थोरला भाऊ गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेला आणि गिरण्या बंद झाल्यावरही तिथंच राहिला. तुटत कुणीच नाही. फक्त पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं होत होत एक दिवस बाराव्यालाच जाणं होतं. मांडवात आणि मयताला होणारी भेट ही भेट नव्हे. तिथं गर्दी असते, माणूस मिळत नाही.

विस्तार अधिकारी कुणालाही सल्ला दिल्याशिवाय राहत नाही, म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक, तिथी ठरवा आणि ती दोन्ही घरच्या शेतीला सोयीची बघा. पेरणी, लावण, सुगी, तोड या दिवसांत कुणाकडं जाऊ नये. घरच्या भिंतीवरच्या कालदर्शिकेत जानेवारीतच त्या दिवसावर खूण करा.

दोन, एक तरी मुक्काम करा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यासाठी घरची बाई दिवसभर चुलीपुढंच राहते. तिचं बोलणं रात्री भांडी आवरल्यावर सुरू होतं.

तीन, देणंघेणं रानातलंच ठेवा. महागाच्या साडीला महागाची साडी परत करावी लागते, आणि ज्याला परवडत नाही तो जाणं टाळतो. वांग्याची कुणी परतफेड मोजत नाही.

चार, पोरांना सोबत न्या. आणि घरच्या बाईलाही तिच्या माहेरच्या दूरच्या माणसांकडं जाऊ द्या, तिचीही एक तिथी असू द्या. आता मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. तिकिटाची सबब आता फारशी उरलेली नाही.

समोरच्या घरानं पाठ फिरवली असेल, तर काय करायचं, असं मला पुष्कळ जण विचारतात. बोलावणं राहिलं, वाटणीत शब्द गेला, लग्नात मान चुकला, अशी कारणं असतात. बोलावणं येण्याची वाट पाहत बसू नये. जे घर मोठं, ज्याची सुगी चांगली, त्यानं आधी उठावं. पहिल्या वर्षी चहा मिळाला नाही, तरी दुसऱ्या वर्षी त्याच तिथीला जावं. टेंबलाईनं अजून तोंड वळवलेलं नाही, पण अंबाबाईची पालखी दर ललितापंचमीला टेकडी चढतेच, आणि त्या दिवशी टेकडीवर जत्रा भरते.

मागच्या दत्तजयंतीला माझ्यासोबत थोरली मुलगी आली होती. आत्यानं तिला गोठा दाखवला, काजूची झाडं दाखवली, घनसाळाची कणगी दाखवली. निघताना तिच्या हातात पिशवी देत म्हणाली, "बाईचं कसं अस्तंय, म्हाईर सरलं की गाव सरतंय. तू येत ऱ्हा." ऐंशी ओलांडलेली आत्या किती पौर्णिमा पाहील, कुणास ठाऊक. पण तिच्यामागं तिची मुलं आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत. मुलीनं परत येताना गाडीतच मोबाईलमध्ये पुढच्या मार्गशीर्षातल्या पौर्णिमेची तारीख शोधली आणि खूण करून ठेवली.